तेल गळतंय कुठून

रविराजनं गाडी बीडहून आणून अंगणात लावली, उभ्या उभ्या चहा घेतला आणि स्टँडवर जाऊन एसटी धरली. धाकट्या भावाशी, बजरंगशी, तो एक शब्द बोलला नाही. किल्ली त्यानं आईच्या हातात दिली आणि आईनं ती देवघरातल्या खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजाबाई अंगण झाडायला बाहेर आली, तेव्हा गाडीखाली तेलाचं थारोळं साचलं होतं. शेणानं सारवलेली जमीन ते काळं तेल पीत होती. एक कोंबडी त्यात पाय भरवून ओट्यापर्यंत ठसे उमटवत गेली होती. तुळजाबाईनं झाडू तिथंच टाकला आणि बाजेवर झोपलेल्या बजरंगला पायानं हलवलं.

"ऊठ. काय करून ठेवलंस गाडीला ते बघ."

बजरंग उठून वाकला, बोटानं तेल उचलून बघितलं. तो म्हणाला की गाडी आठवडाभर दादाकडं बीडला होती, आपण तिला हातही लावलेला नाही. तुळजाबाईचं उत्तर तयारच होतं. त्याआधी ती कुणाकडं होती? वावराच्या वाटेनं, दगडाधोंड्यातून कांद्याच्या गोण्या कुणी आणल्या? खालून तेलाचं चेंबर फुटलंय, बीडच्या मेस्त्रीनंच रविराजला तसं सांगितलंय, असं ती म्हणाली. बजरंगची बायको विजयमाला चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. म्हणजे तेल गळतंय हे म्हातारीला रात्रीपासूनच ठाऊक होतं.

गाडी जुनी होती. पांढरी, डिझेलवरची, मागच्या सीटचा रेक्झिन फाटलेली. तुळजाबाईचा नवरा सुंदरराव पंचायत समितीचा सदस्य होता तेव्हा त्यानं ती घेतली होती. पुढाऱ्यांना शेजारी बसवून तो तिच्यात केज तालुकाभर हिंडला. तो वारल्यावर गाडी, घर आणि वावर, सगळं तुळजाबाईच्या नावावर झालं. थोरला रविराज बीडला कोचिंग क्लास चालवायचा. बजरंग नांदूरघाटला राहून वावर बघायचा आणि लग्नसराईत गाडी भाड्यानं लावायचा. नवरदेव न्यायचा, आजारी माणूस दवाखान्यात पोचवायचा. बाजाराच्या दिवशी मात्र तो केजपर्यंत वडाप करायचा, माणशी पैसे घेऊन वाटेतली माणसं भरायचा, आणि हे तुळजाबाईच्या डोक्यात बसलं होतं. एकदा एका बाईनं पुढच्या सीटवर कोंबड्यांची डालगी मांडीवर घेतलेली तिनं बघितली होती. त्या दिवशी ती जेवली नव्हती.

त्या दिवशी लग्नाची दाट तिथ होती. बबनरावाच्या पोरीचं लग्न होतं आणि वऱ्हाडाला आणायला बजरंगची गाडी ठरलेली. किल्ली मागायला तो देवघराच्या दारात गेला, तर तुळजाबाई उंबऱ्यावर बसून राहिली, उठली नाही. दुसऱ्याच्या गाडीची चाळणी करणाऱ्याच्या हातात किल्ली देणार नाही, म्हणाली.

बजरंग मांडवात जाऊन बबनरावाला गाडी येत नाही म्हणून सांगून आला. बबनराव खुर्चीत बसला होता, भोवती पाव्हणे होते. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "मंग तू आता कशाला आलास? ड्रायव्हर म्हणून आलास का सुंदररावाचा पोरगा म्हणून?" माणसं हसली. बजरंग परत फिरला नाही. गावातलं लग्न, घरोब्याचं घर, उगाच तोंड लपवल्यासारखं झालं असतं. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दुपारभर पंगतीत पाण्याचे जार वाहिले. पत्र्याच्या मांडवात भट्टीसारखी धग होती. जारचं थंड पाणी खांद्यावरून पाठीत उतरायचं आणि तिथंच वाळायचं. वऱ्हाड दुसऱ्याच कुणाच्या जीपमधून आलं. नवरदेव उतरताना त्या जीपच्या ड्रायव्हरला मानाचा टोपी-टॉवेल मिळाला, तेव्हा बजरंगनं हातातला जार खाली ठेवला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर त्यानं पोतं अंथरलं आणि गाडीखाली पाठीवर सरपटत गेला. चेंबर तेलानं माखलं होतं. पण पोचा दिसेना. त्यानं चिंधीनं पुसून घेतलं. थोड्या वेळानं बघितलं तर पुन्हा ओलं. वरून येतंय की इथूनच, काही कळेना. तेलाचा एक थेंब त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात पडला. ओट्यावरून तुळजाबाई बघत होती. तिनं रविराजला फोन लावला आणि बजरंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की तुझा भाऊ आता मेस्त्री झालाय.

फाट्यावर शहादेवचं गॅरेज होतं. बजरंग तिकडं गेला. शहादेव या घराचा मित्र नव्हता. रस्त्याकडेला त्याचं पत्र्याचं शेड होतं, ते सुंदररावानं अतिक्रमण म्हणून जेसीबी लावून पाडलं होतं, आतल्या सामानासकट. त्यानंतर त्यानं या गाडीला कधी हात लावला नव्हता. बजरंगचं बोलणं त्यानं एका ट्रॅक्टरचं चाक खोलत खोलत ऐकलं आणि मान वर न करता म्हणाला, "तुज्या बापानं मपल्या अंगावर जेसीबी घातला बे. आन् तू मला बोलवायला आलास."

बजरंग उभा राहिला. दुसरा मेस्त्री केजला होता आणि गाडी केजपर्यंत न्यायला त्याच्याकडं किल्लीच नव्हती. शहादेवनं चाक खाली ठेवलं, हात डिझेलनं धुतले. "येतो. दुरुस्त न्हाई करणार. कशानं मरायलीय तेवढं बघतो."

तो पेटी घेऊन अंगणात आला तेव्हा उन्हं कलली होती. तुळजाबाईनं त्याला ओळखलं, पदर सावरला आणि तोंड फिरवलं. शहादेवनंही तिला नमस्कार केला नाही. त्यानं बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी काढली, बोटांत तेल चोळलं. तेल काकवीसारखं जाड होतं, बोटांमधून तार निघत होती. हे तेल कुणी टाकलं म्हणून त्यानं विचारलं. बजरंगला माहीत नव्हतं; तो साधं तेल टाकायचा. शहादेवनं पट्टी पुसून परत बसवली.

मग त्यानं बजरंगलाच कामाला लावलं. ब्रश आणि डिझेल घेऊन सगळं इंजिन धुवायचं, वरपासून खालपर्यंत, एकही काळा डाग ठेवायचा नाही. घाण इंजिनावर तेल कुठून येतं ते देवालाही दिसत नाही, म्हणाला. बजरंगनं सांदीकोपऱ्यात ब्रश घातला. वर्षानुवर्षांची धूळ आणि तेलाची चिकट खपली सुटून त्याच्या मनगटांवरून कोपरापर्यंत आली. कोपराजवळ कातडी सोलली होती, तिथं डिझेल झोंबलं. शहादेव पेटीवर बसून तंबाखू मळत होता आणि मधून मधून म्हणत होता, की इथं राहिलं, तिथं राहिलं.

धुतलेलं इंजिन वाऱ्यावर वाळल्यावर त्यानं पावडर मागितली. विजयमालानं तिचा तोंडाला लावायचा डबा आणून दिला. शहादेवनं ती पांढरी पावडर तळहातावर घेऊन इंजिनावर सगळीकडं फुंकली. वरच्या कव्हरवर, बाजूंना, पुढच्या पुलीपाशी, खाली चेंबरवर. इंजिन पिठात लोळल्यासारखं दिसायला लागलं. आता चालू कर, तो म्हणाला. जिथं पहिल्यांदा ओलं होईल तिथून तेल येतंय.

किल्ली हवी होती. तुळजाबाई ओट्यावरून म्हणाली की किल्ली मिळणार नाही, बघायचं ते असंच बघा.

विजयमाला आत गेली. तुळजाबाईनं तिला हाक मारली. मग म्हणाली, "त्या किल्लीला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवते." विजयमाला किल्ली घेऊन बाहेर आली. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूचा शब्द तिनं पहिल्यांदा मोडला होता. तिनं किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि तुळशीपाशी जाऊन उभी राहिली, सासूकडं पाठ करून.

इंजिन चालू झालं. किल्ली फिरवून बजरंग पुढं आला आणि शहादेवबरोबर वाकून बघत राहिला. खालच्या चेंबरवरची पावडर कोरडीच होती. आधी वरच्या कव्हरच्या कडेला एक करडी रेघ उमटली. मग मागच्या बाजूनं. मग पुलीमागून एक थेंब फिरत फिरत बाहेर आला. शहादेवच्या कपाळाला आठ्या पडल्या. एका जागेवरून गळतं तेव्हा पॅकिंग गेलेलं असतं. हे सगळीकडून यायला लागलं होतं. तेवढ्यात तेलाची पट्टी आपोआप वर उचलली गेली आणि तिच्या भोकातून तेलाचा फवारा बजरंगच्या छातीवर आला.

शहादेवनं बंद करायला लावलं. त्याचा हात कव्हरवरून निघालेल्या रबरी पाईपकडं गेला. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारा पाईप. त्यानं तो चिमटीत दाबून बघितला, एका जागी घट्ट लागला. क्लिप सैल केली, आत पक्कड घातली आणि ओढलं. पिळा घालून कोंबलेली चिंधी बाहेर आली, तेलानं गच्च भिजलेली.

"चालू कर आता," तो म्हणाला.

या वेळी त्या उघड्या पाईपातून निळसर धूर फक् फक् करत बाहेर पडायला लागला. डोळे चुरचुरायला लागले. पुलीमागचं गळणं मात्र थांबत आलं.

शहादेवनं चिंधी बजरंगच्या पायाशी टाकली. "इंजिन आतून झिजलंय. रिंगा गेल्यात. दाब वरनं निघायला पाहिजे तर कुणीतरी भोकच बुजवलं, मंग तो मिळंल तिकडून तेल ढकलायला लागला. चेंबरला काय झालेलं न्हाई." तो थांबला आणि मग ओट्याकडं बघून जरा मोठ्यानं म्हणाला, "चिंधी घालायची, जाड तेल भरायचं, म्हंजे धूर दिसत न्हाई. गाडी इकायची असल्यावर असं करतेत."

त्यानं पेटी उचलली. आपण दुरुस्त करणार नाही म्हणून आधीच सांगितलं होतं, आणि तो तसाच निघून गेला.

बजरंगच्या छातीवर तेल होतं, ते पोटावरून ओघळत होतं. त्यानं आईला विचारलं, की तुला ठाऊक होतं का. तुळजाबाईनं नजर चोरली नाही. गाडी आपल्या नावावर आहे, आपल्याला वाटलं आपण विकतो, म्हणाली. रविराजला बीडला क्लाससाठी मोठी जागा घ्यायची आहे. चिंधीबिंधीचं त्यानं बघितलं असेल, आपल्याला त्यातलं कळत नाही.

"मंग माझ्यावर कशापायी घातलं?" बजरंग म्हणाला. "मांडवात समद्यांम्होरं इज्जत गेली माझी."

"तुला खरं सांगितलं असतं तर तू इकू दिली असती का?" तुळजाबाई म्हणाली. "तुज्या बापाच्या शेजारी तिच्यात मोठमोठी माणसं बसली. तू कोंबड्या बसवल्यास. असं रोज बघण्यापरीस ती गेलेली बरी."

मग तिनं उरलेलं सांगितलं. रविवारी रविराज गिऱ्हाईक घेऊन येणार होता. गाडी धुऊन ठेवायची आणि ती चिंधी होती तशी परत घालायची. नाही घातली तर वावरही आपल्याच नावावर आहे. यंदा ते बबनरावाला पिकाच्या वाट्यावर, बटईनं देऊन टाकीन. तिनं आवाज चढवला नव्हता. एवढं बोलून ती आत गेली आणि कंदुरीच्या जेवणावळीची असावीत अशी मोठमोठी भांडी उगाच घासत बसली.

रविवारी सकाळी बजरंगनं गाडी धुतली. काचा पुसल्या. मग चिंधी पिळून तिला पीळ घातला आणि पाईपात बोटानं दाबली. विजयमाला कमरेवर हात ठेवून बघत होती. तिनं एवढंच विचारलं, की हे तुमच्या हातानं करताय का. त्यानं उलट विचारलं की पेरायला वावर नसल्यावर काय करायचं. ती म्हणाली, "ते मला ठाऊक न्हाई. पण त्या पाईपातला हात मला आज भाकरीला लागू देऊ नका." ती पाणी आणायला टँकरकडं निघून गेली.

उन्हं वर आली तेव्हा रविराज मोटरसायकलवर आला. त्याच्या मागोमाग स्टँडवरून चालत एक नवरा-बायको आली. नवरा अजिनाथ, बायको मंगल, शिरूर कासारकडची. साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, ऊसतोड संपवून नुकतीच गावाकडं परतलेली. दोघांच्याही हाताला उसाच्या पातीनं चिरून झालेल्या बारीक काळ्या रेघा होत्या. अजिनाथ गाडीभोवती फिरला. त्याला गाडीतलं फारसं कळत नव्हतं. तो टायर दाबून बघत होता, दार उघडून लावत होता. मंगल पुढच्या सीटवर बसली आणि तिनं पाठ टेकवली. तिनं तुळजाबाईला आपण होऊन सांगितलं, की गाडी शिरूरच्या स्टँडवर लावायची, यंदा कोयत्याला जायचं नाही. पाठीचा मणका गेलाय, मोळी उचलत नाही. तुळजाबाईनं तिला चहा दिला.

रविराजनं गाडी चालू करून दाखवली. धूर आला नाही. अंगणात बजरंगनं राख टाकून ठेवली होती, त्यामुळं खाली थेंबही दिसत नव्हता. वडिलांनी फुलासारखी जपलेली गाडी आहे, रविराज म्हणाला.

अजिनाथ बजरंगकडं वळला. "दादा, तुमी चालवता न्हवं? काय खोट असली तर सांगा. आमाला त्यातलं कळत न्हाई."

रविराज भावाकडं बघत होता. तुळजाबाई कपबशी हातात धरून थांबली होती. विजयमाला घागर घेऊन फाटकातून आत येत होती आणि तीही थांबली. बजरंगला नंतर कितीदा वाटलं की आपण त्या बाईच्या पाठीकडं बघून बोललो. पण त्या क्षणी त्याला फक्त बबनरावाचा मांडव आठवला होता आणि रविराजचा इस्त्रीचा शर्ट डोळ्यांत खुपत होता.

त्यानं बॉनेट उघडलं, क्लिप सैल केली आणि चिंधी उपसली. इंजिन चालूच होतं. निळा धूर भसाभस वर आला आणि मंगलच्या अंगावरून ओट्याकडं गेला.

"इंजिन संपलंय," बजरंग म्हणाला. "घेऊ नका."

मंगल खोकत खाली उतरली. अजिनाथ धुराकडं बघत राहिला. मग त्याची नजर बजरंगच्या हातातल्या चिंधीवर गेली, बोटांवर, नखांतल्या काळ्या तेलावर. ते तेल आत्ताचं नव्हतं.

"ही तुमीच घातली व्हती," तो म्हणाला.

बजरंगनं चिंधी खाली टाकली. अजिनाथ दोन पावलं पुढं आला. मारतो की काय असं वाटलं. त्यानं मारलं नाही. तो बजरंगच्या पायापाशी थुंकला. सुशिक्षित माणसं म्हणून उन्हातान्हात एवढ्या लांबून आलो, आता समजलं, असं तो रविराजकडं बघून म्हणाला आणि बायकोला घेऊन फाटकाबाहेर पडला. मंगलनं जाता जाता रिकामी कपबशी ओट्यावर नीट ठेवली.

रविराजनं भावाची गचांडी धरली. बजरंगनं त्याला ढकललं, तर तो गाडीच्या दारावर आपटला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर बजरंगच्या दोन्ही पंजांचे काळे ठसे उमटले. मग दोघं राखेत पडले. रविराजनं दातानं त्याचा कान पकडला. विजयमालानं घागर दोघांच्या अंगावर उपडी केली तेव्हा कुठं ते सुटले. इतकं पाणी वाया घालवलेलं त्या अंगणात कुणी कधी बघितलं नव्हतं.

तुळजाबाई मध्ये पडली नाही. ती आत गेली आणि गाठोडं बांधून बाहेर आली. किल्ली तिनं बजरंगच्या पुढ्यात ओल्या राखेत टाकली. "ही घे. बापाची गाडी तुला. वावराचं आजच बबनरावाला सांगून जाते," म्हणाली. रविराज शर्ट झटकत होता, ते डाग झटकल्यानं जात नव्हते. तुळजाबाई मोटरसायकलवर त्याच्या मागं बसली. बसायची सवय नव्हती. तिनं गाठोडं पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हातानं मागची लोखंडी दांडी आवळली. लुगडं चाकात जाईल म्हणून विजयमाला ते सावरायला पुढं झाली, तर म्हातारीनं तिचा हात झिडकारला आणि स्वतःच ओढून घेतलं.

बबनरावानं वावर घेतलं. दोन दिवसांनी त्याचा ट्रॅक्टर नांगरायला गेला, तेव्हा बजरंग अंगणातच होता. त्यानं शहादेवकडं पान्ह्यांची पेटी मागितली होती. शहादेवनं ती दिली, यायला मात्र नाही म्हणाला. तेल काढून बजरंगनं घमेल्यात सोडलं आणि वरच्या कव्हरचे नट खोलायला घेतले. काही नट गंजून बसले होते. पान्हा सटकून त्याच्या हाताची सालं निघत होती. निघालेला प्रत्येक नट विजयमाला परातीत ठेवत होती, ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं, कडेनं गोल.

परात भरत आली तेव्हा तिनं विचारलं, "हे समदं परत बसवता येईल का तुमाला?"

"न्हाई येत," बजरंग म्हणाला, आणि पान्हा पुढच्या नटाला लावला.